यंदाचा मान

मराठी माणसाच्या सार्वजनिक आयुष्यात ‘मान’ या शब्दाला मोठे वजन आहे. गावच्या जत्रेत पालखीला पहिला खांदा देण्याचा मान असतो, पोळ्याला तोरणाखालून पहिला बैल नेण्याचा मान असतो, पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत मानाचे पाच गणपती असतात. हे मान बहुधा एका घराण्याकडे किंवा एका मंडळाकडे असतात. एकदा मिळाले की पिढ्यान्‌पिढ्या टिकतात, आणि त्यांच्यावरची भांडणेही तितकीच टिकतात.

मराठी लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांच्या समाजाने मात्र असा एक मान निर्माण केला, जो कोणाच्याही घरी कायमचा मुक्काम करत नाही. तो म्हणजे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद. आपल्यातल्याच एकाला पुढे बोलवायचे, त्याचे भाषण ऐकायचे, वर्षभर त्याला ‘संमेलनाध्यक्ष’ म्हणायचे आणि पुढच्या संमेलनात मावळत्या अध्यक्षाने नव्याकडे सूत्रे द्यायची. १८७८ मध्ये पहिले संमेलन झाले, फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्लीला ९८ वे. म्हणजे १४७ वर्षांत ९८ वेळा हे झाले. या दोन आकड्यांमधले अंतर लक्षात ठेवण्यासारखे आहे. ही परंपरा अखंड चालत आलेली नाही. ती अनेकदा थांबली आणि दर वेळी कोणीतरी ती पुन्हा चालू केली. पाळीपाळीने द्यायचा मान जिवंत कसा राहतो आणि कशाने मरू लागतो, हे समजून घ्यायला हा इतिहास उपयोगी आहे. शिवाय असा मान केवळ मराठीने निर्माण केला असेही नाही. गुजराती, बंगाली, हिंदी, कन्नड या भाषांनीही थोड्याफार फरकाने हीच रीत बसवली.

सुरुवात झाली तेव्हा परंपरा वगैरे कोणाच्या मनात नव्हती. महादेव गोविंद रानडे आणि लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांनी पुढाकार घेतला, वृत्तपत्रातून आवाहन केले आणि मे १८७८ मध्ये पुण्याच्या हिराबागेत मराठी ग्रंथकारांची सभा भरली. अध्यक्ष रानडेच होते. ग्रंथकारांनी एकत्र यावे, एकमेकांना ओळखावे, मराठी ग्रंथांच्या प्रसाराला हातभार लागावा, असा सरळ व्यावहारिक हेतू त्यामागे होता. सभा झाली आणि मंडळी आपापल्या घरी गेली. दुसरी सभा भरायला सात वर्षे लागली. ती १८८५ मध्ये पुण्यातच कृष्णशास्त्री राजवाडे यांच्या अध्यक्षतेखाली झाली.

या दुसऱ्या सभेचे अध्यक्षीय भाषण आज फारसे कोणाला आठवत नाही. लक्षात राहिले आहे ते तिथे न आलेल्या माणसाचे पत्र. सभेचे निमंत्रण जोतीराव फुल्यांनाही गेले होते. त्यांनी येण्याचे नाकारले, आणि का नाकारले हे रानड्यांना लिहून कळवले. ते पत्र त्याच वर्षी ‘ज्ञानोदय’मध्ये छापले गेले. त्याचा आशय असा, की जे लोक इतरांचे माणूस म्हणून असलेले हक्कच मान्य करत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि त्यांच्या पुस्तकांशी आमच्या सभांचा व पुस्तकांचा मेळ बसणार नाही. शूद्रादी अतिशूद्रांनी आपला विचार आपण करावा, असे त्यांचे म्हणणे होते. या घटनेकडे एक मानभंग किंवा रुसवा म्हणून पाहणे सोपे आहे. पण फुले आपली पाळी मागत नव्हते. पाळी कोणाकोणाची लावायची हे ठरवणारी यादी कोण करतो, असा त्यांचा प्रश्न होता. परंपरा जन्माला येण्याआधीच तिच्यापुढे हा प्रश्न येऊन उभा राहिला, आणि पुढची शंभर वर्षे तो तिच्यासोबत चालत राहिला.

त्यानंतर वीस वर्षे काहीच झाले नाही. तिसरे संमेलन १९०५ मध्ये साताऱ्याला भरले. पहिल्या २७ वर्षांत तीन सभा, असा हा हिशेब. कारण उघड आहे. १८७८ आणि १८८५ च्या सभा बोलावणारे लोक होते, पण पुढची सभा बोलावण्याची जबाबदारी असलेले कोणी नव्हते. रानड्यांसारखा माणूस मनात आणील तेव्हा सभा व्हायची आणि तो दुसऱ्या कामात गुंतला की राहून जायची. पाळीच्या मानाला आधी पाळीची आठवण ठेवणारा कोणीतरी लागतो.

हा आठवण ठेवणारा १९०६ मध्ये मिळाला. त्या वर्षी पुण्याच्या ग्रंथकार संमेलनात २७ मे रोजी महाराष्ट्र साहित्य परिषदेची स्थापना झाली. आता संमेलनामागे एक संस्था होती. तिच्याकडे सभासद होते, चिटणीस होते आणि पत्रव्यवहार होता. १९०५ ते १९०९ या पाच वर्षांत दरसाल संमेलन भरले. त्यातले १९०९ चे बडोद्यात झाले आणि तिथून या परंपरेला दुसरे चाक लागले. अध्यक्ष तर बदलत होताच, आता गावही बदलू लागले. १९१२ मध्ये अकोला, १९१५ मध्ये मुंबई, १९१७ मध्ये इंदूर, १९२१ मध्ये पुन्हा बडोदे.

याच काळात शेजारच्या भाषांमध्ये काय चालले होते ते पाहिले, तर ही हवाच सगळीकडे होती असे दिसते. गुजराती साहित्य परिषदेचे पहिले अधिवेशन १९०५ मध्ये अहमदाबादला गोवर्धनराम त्रिपाठी यांच्या अध्यक्षतेखाली झाले. बंगीय साहित्य संमिलन १९०७ मध्ये कासिमबाजारला भरले, अध्यक्ष रवींद्रनाथ. हिंदी साहित्य संमेलन १९१० मध्ये काशीला, मदनमोहन मालवीय यांच्या अध्यक्षतेखाली. कन्नड साहित्य परिषदेची स्थापना आणि पहिले संमेलन १९१५ मध्ये बंगळूरला, अध्यक्ष एच. व्ही. नंजुंडय्या. दहा वर्षांच्या आत चार भाषांनी जवळजवळ एकच घडण स्वीकारली. एक मध्यवर्ती संस्था, निमंत्रण देणारे गाव, एका अधिवेशनापुरता अध्यक्ष आणि छापून वाटलेले अध्यक्षीय भाषण. काँग्रेसची अधिवेशने या सर्वांच्या डोळ्यांसमोर होती. तिथेही दरसाल शहर आणि अध्यक्ष बदलत होते.

गाव बदलण्याचा फायदा केवळ प्रचाराचा नव्हता. संमेलन एकाच शहरात राहिले असते तर त्याचा सगळा भार त्याच शहरातल्या त्याच वीस-पंचवीस माणसांवर पडला असता, आणि ती थकली की परंपराही थकली असती. गाव बदलले की दर वेळी ताजी माणसे कामाला लागतात. वर्गणी गोळा करणारे, मांडव घालणारे, पाहुण्यांना स्टेशनवरून आणून कोणाच्या तरी घरी उतरवणारे, जेवणावळी सांभाळणारे आणि शेवटी हिशेब जुळवत बसणारे. त्यांच्यासाठी ते आयुष्यातले एकमेव संमेलन असते, म्हणून ते जीव ओतून करतात. अध्यक्षांची यादी सगळीकडे छापलेली असते. या माणसांची यादी कुठेच नसते. पण १८८५ नंतर जे वीस वर्षे झाले, ते पुढे तितक्या काळासाठी पुन्हा कधी झाले नाही, याचे श्रेय त्यांच्याकडे जाते.

१९२६ ते १९३६ हा या परंपरेचा सर्वांत नियमित काळ. आधीच्या ४३ वर्षांत म्हणजे १८७८ ते १९२१ मध्ये एकूण ११ संमेलने झाली होती. या ११ वर्षांत ११ झाली, एकही खाडा नाही. मुंबई, पुणे, ग्वाल्हेर, बेळगाव, मडगाव, हैदराबाद, कोल्हापूर, नागपूर, बडोदे, इंदूर, जळगाव अशी ही वाट आहे. नकाशावर पाहिले तर यात ब्रिटिशांचा मुलूख आहे, पोर्तुगिजांचा आहे, निजामाचा आहे, शिंदे, होळकर आणि गायकवाड यांचा आहे. मराठी बोलणाऱ्यांचे एक राज्य तेव्हा अस्तित्वात नव्हते. हे फिरते संमेलन ही त्यांची एकत्र येण्याची जागा होती. पुढे १९४६ च्या बेळगाव संमेलनात, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष असताना, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. तो तिथे व्हावा हे या नकाशाकडे पाहिल्यावर स्वाभाविक वाटते.

या वर्षांतली माणसेही पाहा. १९३१ मध्ये ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर, १९३२ मध्ये महाराज सयाजीराव गायकवाड, १९३३ मध्ये नाटककार-संपादक कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर, १९३५ मध्ये औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि त्यानंतर लगेच १९३६ मध्ये कवी माधव जूलियन. राजा अध्यक्ष झाला तरी पुढच्या वर्षी ती खुर्ची त्याची राहिली नाही. तिच्यावर बसणारा कवी राजाच्या मेहेरबानीने बसला नाही. पाळीच्या मानात हा एक समतेचा अंश असतो. मोठ्यातल्या मोठ्यालाही तो परत करावा लागतो.

योगायोग असा, की १९३५ मध्ये इंदूरला मराठी संमेलन भरले आणि त्याच वर्षी त्याच शहरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली हिंदी साहित्य संमेलनही भरले. एका शहरात दोन भाषांचे मांडव आणि दोघांच्या रीती जवळजवळ सारख्या. पुढच्याच वर्षी गांधीजी गुजराती साहित्य परिषदेचेही अध्यक्ष झाले.

या मानाबरोबर मिळते काय? अधिकार म्हणाल तर नाही. अध्यक्ष कोणाला पुरस्कार देऊ शकत नाही, कोणाचे पुस्तक छापू शकत नाही, पुढचा अध्यक्षही ठरवू शकत नाही. त्याच्या हाती असते एक भाषण. हजारो माणसे समोर बसलेली असतात, व्यासपीठावर मंत्री असतात, वृत्तपत्रे शब्द न्‌ शब्द छापणार असतात आणि मध्येच उठून ‘पुरे’ म्हणण्याची कोणाची प्राज्ञा नसते. बहुतेक भाषणे विद्वत्तापूर्ण असतात आणि विसरली जातात. पण या रिकाम्या वाटणाऱ्या अधिकारात किती ताकद आहे ते १९७५ मध्ये कऱ्हाडला दिसले. आणीबाणी लागून सहा महिने होत आले होते. स्वागताध्यक्ष होते केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण, कऱ्हाड त्यांचेच गाव. अध्यक्ष होत्या दुर्गा भागवत. त्यांनी लेखकाच्या स्वातंत्र्यावरच्या बंधनांबद्दल त्या व्यासपीठावरून उघड बोलायचे ठरवले आणि त्या बोलल्या. आजारी जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला त्यांनी सभेला उभे केले, आणि सभा उभी राहिली. पुढच्या वर्षी दुर्गाबाईंना अटक झाली.

हे सगळे घडले ते त्या वर्षी तो मान त्यांच्याकडे होता म्हणून. त्याच गोष्टी त्यांनी घरी बसून लिहिल्या असत्या तर सेन्सॉरने अडवल्या असत्या. मान देणे म्हणजे शाल घालणे एवढेच आपण समजतो. पण या परंपरेत मान म्हणजे बोलण्याची पाळी आहे. म्हणूनच ती कोणाला मिळाली नाही, याला महत्त्व येते.

पहिल्या ४२ संमेलनांचे अध्यक्ष पुरुष होते. पहिली स्त्री अध्यक्ष झाली ती १९६१ मध्ये ग्वाल्हेरला, कुसुमावती देशपांडे. पहिल्या सभेनंतर ८३ वर्षांनी. त्यांचे पती कवी अनिल तीन वर्षांपूर्वीच, १९५८ मध्ये मालवणला अध्यक्ष झाले होते. कुसुमावतीबाई त्याच वर्षाच्या अखेरीस गेल्या. त्यांच्यानंतर १९७५ मध्ये दुर्गाबाई, १९९६ मध्ये आळंदीला शांता शेळके, २००१ मध्ये इंदूरला विजया राजाध्यक्ष, २०१९ मध्ये यवतमाळला अरुणा ढेरे आणि २०२५ मध्ये दिल्लीला तारा भवाळकर. ९८ पैकी सहा. मराठीत स्त्रिया लिहीत नव्हत्या म्हणून असे झाले, हे कोणी म्हणणार नाही. इरावती कर्वे याच भाषेत लिहीत होत्या आणि त्या कधीच अध्यक्ष झाल्या नाहीत.

फुल्यांच्या प्रश्नाला उत्तर मिळायला याहून जास्त वेळ लागला. १९८४ मध्ये जळगावच्या ५८ व्या संमेलनाचे अध्यक्ष झाले शंकरराव खरात. गावकामगार महाराच्या, म्हणजे तराळाच्या घरात जन्मलेला मुलगा, पुढे मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू आणि ‘तराळ-अंतराळ’ या आत्मचरित्राचा लेखक. फुल्यांच्या पत्राला तेव्हा ९९ वर्षे झाली होती. १९९५ मध्ये परभणीला नारायण सुर्वे आले. गिरणी कामगाराने रस्त्यावरून उचलून वाढवलेले हे मूल आता अवघ्या मराठी साहित्याच्या वतीने बोलत होते. २०२० मध्ये उस्मानाबादला वसईचे धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष झाले.

पण हे दार आतल्यांच्या उदारपणाने आपोआप उघडले असे समजणे बरोबर नाही. बाहेरच्यांनी आपले मांडव घातले म्हणून आतल्यांना बाहेर पाहावे लागले. १९५८ मध्ये मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले, त्याचे उद्घाटन अण्णा भाऊ साठे यांनी केले. अण्णा भाऊ अखिल भारतीय संमेलनाचे अध्यक्ष कधीच झाले नाहीत. पुढे ग्रामीण, आदिवासी अशी संमेलने सुरू झाली आणि १९९९ पासून विद्रोही साहित्य संमेलन. त्यातल्या कित्येकांनी रीत मात्र जुनीच उचलली. गाव बदलते, अध्यक्ष बदलतो, अध्यक्षीय भाषण होते. ‘इतकी संमेलने कशाला’ अशी तक्रार आपण नेहमी ऐकतो. एका यादीत ज्यांची नावे येत नव्हती त्यांनी दुसरी यादी केली, आणि ही दुसरी यादी समोर आली म्हणून पहिलीत बदल झाला. फुल्यांनी १८८५ मध्ये सुचवलेला मार्ग तोच होता.

मान कोणाला द्यायचा हे ठरवण्याची पद्धत हा या परंपरेचा सर्वांत दुखरा भाग. १९६१ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळ स्थापन झाले. पुण्याची महाराष्ट्र साहित्य परिषद, मुंबई मराठी साहित्य संघ, नागपूरचा विदर्भ साहित्य संघ आणि औरंगाबादची मराठवाडा साहित्य परिषद या त्याच्या घटक संस्था. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी संस्थाही पुढे त्यात आल्या. साठच्या दशकाच्या मध्यापासून संमेलन भरवण्याची जबाबदारी महामंडळाकडे आली. महामंडळाची एक व्यवस्था नीट पाहण्यासारखी आहे. त्याचे कार्यालय दर तीन वर्षांनी एका घटक संस्थेकडून दुसरीकडे जाते. म्हणजे मान फिरतो, गाव फिरते, आणि मान फिरवणाऱ्यांची गादीही फिरते. तरीही खाडे पडले. १९६९ च्या वर्धा संमेलनानंतर थेट १९७३ मध्ये यवतमाळला संमेलन झाले. उलट १९८१ मध्ये आणि २०१० मध्ये एकाच वर्षात दोन-दोन झाली. कॅलेंडर पाळणे या परंपरेला कधीच नीट जमले नाही. पाळी चुकली तरी ती आपल्यावर आहे याची आठवण तिने सोडली नाही.

अध्यक्ष मात्र मतांनी निवडला जात असे. सुमारे हजारभर मतदार, टपालाने जाणाऱ्या मतपत्रिका, उमेदवारी अर्ज, सूचक-अनुमोदक आणि मतदारांच्या गाठीभेटी. लोकशाही म्हणून ही पद्धत वरवर निर्दोष होती. पण मान मिळावा म्हणून आधी मते मागत फिरावे लागते, ही गोष्ट अनेकांना पटेना. १९९२ च्या कोल्हापूर संमेलनासाठी इंदिरा संत उभ्या होत्या आणि त्या हरल्या, रमेश मंत्री निवडून आले. मंत्री लोकप्रिय विनोदी लेखक होते, त्यांचा यात काही दोष नव्हता. पण ज्या कवयित्रीच्या कविता दोन पिढ्यांना पाठ होत्या तिला पराभूत उमेदवार म्हणून पाहणे वाचकांना लागले. त्यानंतर अनेक ज्येष्ठ लेखकांनी निवडणुकीला उभे राहणे टाळले. विंदा करंदीकर, विजय तेंडुलकर, जी. ए. कुलकर्णी ही नावे अध्यक्षांच्या यादीत नाहीत. मराठीत आजवर चौघांना ज्ञानपीठ मिळाले. त्यांपैकी वि. स. खांडेकर आणि कुसुमाग्रज संमेलनाध्यक्ष झाले होते, विंदा आणि भालचंद्र नेमाडे झाले नाहीत. नेमाड्यांनी तर संमेलनांवर सतत टीकाच केली.

निवडून आलेल्या अध्यक्षाचीही वाट सोपी नव्हती. २००९ मध्ये महाबळेश्वरच्या संमेलनासाठी आनंद यादव निवडून आले होते. त्यांच्या तुकारामांवरच्या कादंबरीवरून वारकऱ्यांनी विरोध केला, यादवांनी राजीनामा दिला आणि ते संमेलन अध्यक्षाविना पार पडले. तरी क्रमांक मोजताना ते धरले जाते. मांडव, ग्रंथदिंडी, परिसंवाद, कविसंमेलन सगळे झाले. पण ज्याच्यासाठी सभा भरते ते अध्यक्षीय भाषणच नव्हते. सोहळ्याचा सांगाडा शाबूत राहून आतला जीव कसा निघून जातो, याचे याहून स्पष्ट उदाहरण या इतिहासात नाही.

२०१८ मध्ये महामंडळाने घटना बदलली आणि निवडणूक बंद केली. संस्थांनी नावे सुचवावीत आणि महामंडळाने चर्चा करून एका नावावर यावे, अशी नवी पद्धत आली. तिच्यानुसार पहिल्या अध्यक्ष झाल्या अरुणा ढेरे. १८ वर्षांनी स्त्री अध्यक्ष झाली ती या बदलामुळे, हे मान्य करायला हवे. त्यानंतर दिब्रिटो, खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, न्यायमूर्ती नरेंद्र चपळगावकर, लोकसंस्कृतीच्या अभ्यासक तारा भवाळकर अशी नावे आली. यांतले किती जण मते मागायला दारोदार गेले असते, हा प्रश्न विचारून पाहावा.

पण नव्या पद्धतीचा धोकाही नजरेआड करता येत नाही. मतदार हजारच होते, तरी ते हजार होते. आता निर्णय एका खोलीत बसलेल्या मूठभर माणसांचा आहे. त्या खोलीचे दार बंद असते, आणि कोणाचे नाव निघाले व का मागे पडले हे बाहेर कळत नाही. बाहेरच्या दबावापुढे संस्था वाकू शकतात हे अरुणाताईंच्याच संमेलनात दिसले. उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण मागे घेतले गेले, त्यावरून महाराष्ट्रभर गदारोळ झाला आणि महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद जोशी यांनी राजीनामा दिला. अखेर उद्घाटन केले ते आत्महत्या केलेल्या एका शेतकऱ्याच्या पत्नीने. अरुणाताईंनी आपल्या भाषणात निमंत्रण मागे घेण्याच्या कृतीबद्दल स्पष्ट नापसंती व्यक्त केली. संस्था वाकली, पण ज्या व्यक्तीची बोलण्याची पाळी होती ती बोलली. त्या वर्षी परंपरा वाचली असेल तर त्यामुळे.

महाराष्ट्राबाहेर राहून मराठी वाचणाऱ्यांचा या कहाणीशी संबंध आपण समजतो त्याहून जुना आणि घट्ट आहे. बडोद्यात चार संमेलने झाली आहेत. कारवार, अहमदाबाद, भोपाळ, रायपूर या सगळ्यांची पाळी येऊन गेली आहे. १९५४ मध्ये दिल्लीला लक्ष्मणशास्त्री जोशी अध्यक्ष होते आणि उद्घाटक पंडित नेहरू. त्यानंतर दिल्लीला पुन्हा पाळी आली ती ७१ वर्षांनी. २०१५ मध्ये संमेलन पंजाबात घुमानला गेले. तिथे मराठी बोलणारे लोक जवळजवळ नाहीत. पण नामदेवांचे ते गाव आणि त्यांची पदे गुरु ग्रंथसाहिबात आहेत, एवढा धागा पुरेसा ठरला.

शेजारच्या कन्नडमध्येही हा धागा दिसतो. मराठी घरात वाढलेले द. रा. बेंद्रे १९४३ मध्ये शिमोग्याच्या कन्नड साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. आणि कन्नड संमेलनाला पहिली स्त्री अध्यक्ष मिळाली ती १९७४ मध्ये मंड्याला, पहिल्या संमेलनानंतर ५९ वर्षांनी. त्या होत्या सोलापूरच्या जयदेवीताई लिगाडे, मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत लिहिणाऱ्या. बाहेरच्या माणसाला आपला मान देण्याइतकी एखादी भाषा मोकळी असते, तेव्हा ‘आपण’ म्हणजे कोण याचा अर्थही थोडा रुंद होतो.

शंभरावे संमेलन आता दाराशी आले आहे. त्या वेळी मोठा सोहळा होईल, सरकारी अनुदान येईल, मागील अध्यक्षांच्या तसबिरी लागतील, रानड्यांपासून सगळी नावे वाचली जातील. त्या तसबिरींच्या शेजारी फुल्यांचे पत्रही लावावे, आणि जमल्यास हिशेबनीस, मांडववाले, घरात पाहुणे उतरवून घेणारे यांचीही नावे जिथे मिळतील तिथून गोळा करावीत. नाव ठरवणाऱ्या बैठकीत कोणकोणती नावे आली होती, हे निवड झाल्यावर जाहीर करायला हरकत नसावी. त्याने कोणाचा अपमान होणार नाही. उलट ज्यांचा विचार झाला त्यांचाही तो मानच ठरेल, आणि ज्यांचा झालाच नाही त्यांच्या वतीने कोणालातरी पुढच्या वर्षी बोलता येईल. कऱ्हाडला सभा उभी राहिली ती समोर कोण बोलते आहे यावर तिचा विश्वास होता म्हणून. तो विश्वास दरसाल नव्याने मिळवावा लागतो, आणि त्याची सुरुवात ‘यंदा कोण?’ या प्रश्नाचे उत्तर उघड्यावर ठरण्यापासून होते.